परदेश सोडलेली नायिका

"बाई, हा फोटो कॉलेजला तुम्हीच पाठवला ना?" माझी धाकटी जाऊ शोभा दुकानात उभ्या उभ्याच बोलली. मागं तिची मुलगी प्राची, डोळे रडून लाल.

वडशात माझं पासपोर्ट-विसाचे फॉर्म भरायचं दुकान आहे. शिकले सगळं माझी मीच. प्राची परदेशात शिकते. तिचा स्टुडंट विसा रद्द झाल्याचा मेल आला होता. कारण काय, तर कोर्स सोडला. पुरावा म्हणून आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाचं पोस्टर! त्यावर प्राचीचा फोटो आणि खाली ठळक, 'परदेश कायमचा सोडून खास रसिकांसाठी आलेली नायिका'.

पोरीनं काही सोडलं नव्हतं. तिकडं ऋतू आपल्या उलटे, डिसेंबरात उन्हाळ्याची मोठी सुट्टी, आणि इकडं नेमका नाटकांचा सीझन. कंपनीची नटी आजारी पडली, म्हणून ही उभी राहिली. गावोगाव फिरताना रेंज नाही, कोर्स सोडला का, असं विचारणाऱ्या कॉलेजच्या मेलला उत्तर गेलं नाही.

शोभाचा संशय अगदीच हवेतला नव्हता. मला हेवा वाटतो, हे अख्ख्या घराला माहीत आहे. माझ्या पोरीचा, सुषमाचा विसा दोनदा नाकारला गेला, फॉर्म मीच भरले होते. आता ती राजुऱ्याला खाजगी शाळेत शिकवते. आणि शोभा दर सणाला प्राचीचे समुद्रावरचे फोटो दाखवते. मग मला घास जात नाही. पण हा फोटो मी पाठवला नव्हता.

"बस आधी. कॉलेजचं फेसबुक पेज पाहू."

पोस्टर तिथंच होतं, खाली हात जोडल्याचं चिन्ह. टाकणारीचं नाव शोभा. आणि पेजवर भाषांतराचं बटण असतंच.

"तिच्या सरायले बी दिसू द्या म्हटलं," शोभा पुटपुटली.

"दिसलं त्यायले."

खरं सांगते, तेवढा वेळ फार बरं वाटलं.

अपील म्हणजे हातापाया पडणं नव्हे. निर्णय कुठं चुकला ते कागदानं दाखवायचं. सुट्टीचं पत्रक, परतीचं तिकीट, पुढच्या सेमिस्टरची फी, सगळं होतं. गाडी अडली पोस्टरपाशी. ती ओळ जाहिरातीपुरती, असं नाटक कंपनीचे मालक गणपतभाऊ यांनी लिहून द्यायला हवं होतं.

"खोटं छापलं असं लिवून देऊ? पुढल्या गावचे मंडप जाळतीन ना बाई!"

"मागच्या साली तुमची 'थेट मुंबईची नटी' कुठची होती भाऊ?"

"इथल्याच मुलचेऱ्याची."

"कोणी जाळला मंडप?"

"नाई. लोकायले माहीत असते."

"मंग हेच लिवा."

त्यांनी लिहिलं. मी जुनी पोस्टरं भाषांतरासकट जोडली. एकावर 'फ्रान्सहून परतलेला खलनायक' होता. त्याचं वडशात बियाण्याचं दुकान आहे. त्या दुकानाचं लायसन्सही जोडलं.

सबमिट दाबताना हात थांबला. हे फेटाळलं तर प्राचीही इथंच राहील, सुषमासारखी. प्राची शेजारी बसून माझ्या बोटाकडं पाहत होती. "मोठी आई, काऊन थांबली?"

"नेट सुस्त आहे," म्हटलं, आणि दाबलं.

विसा परत मिळाला. शोभा पेढे घेऊन आली. सुषमाला फोन करून सांगितलं.

"आई, जळली का?"

"जळली."

"मंग माझा फॉर्म काढ ना पुन्हा."

काढलाय. हल्ली फॉर्म भरून झाला, की मी प्रत्येकाला एक जादा प्रश्न विचारते: तुझी आई फेसबुकवर आहे का?