धुळामामांच्या चष्म्याचं माप

औंधच्या पूर्वेला आमच्या वाडीत मेंढरं कातरावीत ती धुळामामांनीच. कातरताना त्यांच्या पायाशी मेंढरू डुलक्या घ्यायचं. नजर मात्र पहिल्यापासून अधू. जाड भिंगांशिवाय स्वतःची बोटंही त्यांना धूसर दिसायची. त्यांचा बाप आंधळा होऊन ओट्यावर बसून राहिला होता. ती धास्ती मामांच्या पोटात कायमची होती.

उन्हाळ्यात एका मेंढीनं लाथ मारली आणि चष्मा फुटला. मुलगा बिरदेव सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला. त्यानं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर टाकून ऑनलाइन चष्मा मागवायला घेतला, तर तिथं दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर विचारलेलं. ते काही चिठ्ठीवर नव्हतं. त्यानं बायकोला, अपेक्षाला, फोन करून पट्टीनं मोजायला सांगितलं.

आता सुनेनं सासऱ्याच्या डोळ्यांत बघायचं कसं? आमच्याकडं ती रीतच नाही. अपेक्षानं पदर सावरून, मान खाली घालून पट्टी नाकावर टेकवली. मामांनीही अवघडून नजर पायाजवळ लावली. तिनं ओझरतं बघितलं आणि चोपन्न मिलिमीटर सांगून टाकलं. दोघंही मोठी शहाणी!

चष्मा आला. काचा लख्ख, पण घातला की कपाळ ठणकायचं, एका उंबऱ्याचे दोन दिसायचे. मामा कुणाला बोलले नाहीत. कातरणीला बसले तर पहिल्याच मेंढीच्या कासेजवळ रक्त आलं. कंबर धरली म्हणाले आणि उठले. मग ते ओट्यावर बसून राहायला लागले, बापाच्या जागेवर. मला ते बघवत नसे.

अपेक्षानं ते रक्त पाहिलं होतं. दुखणं कमरेचं नाही, चष्म्याचं आहे हे तिनं ओळखलं. तिनं बिरदेवला सांगितलं, त्यानं चष्मा पाठवणाऱ्यांना विचारलं. नंबर बरोबर होता. पण भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर असंच होतं, माप परत घ्या, असं ते म्हणाले.

"आबांस्नी लांब त्या लिंबाच्या झाडाकडं बघाय लाव," बिरदेवनं बायकोला फोनवर बजावलं, "आन् तू सरळ डोळ्यांत बघ. लाजू नगंस."

पट्टी धरून अपेक्षानं मान वर केली. मामांचे डोळे भरून आले होते.

"पोरी, मी आंदळा व्हतोय काय गं?"

तिला मान खाली घालावीशी वाटली. पण तिनं ती घातली नाही.

"न्हाई मामा. माप माजं चुकलं. तुमी लिंबाकडं बघा, मी बघतीया तुमच्याकडं."