पालथी कढई

मंडईच्या मागच्या बोळात आमची खोली आणि दारातच माझी भज्यांची गाडी. शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

माझी बायको हडपसरची, शेतकऱ्याघरची. ती लहान असताना तिचा थोरला भाऊ पाकिस्तानशी झालेल्या लढाईत गेला. आपण जिंकलो म्हणून गावात जिलब्या तळत होते. हिच्या घरच्या अंगणातही कढई चढली होती. आईच्या हातात झारा असतानाच तार आली. आपल्यात घरातलं माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत तळण करत नाहीत. आईनं तापलेली कढई तेलासकट अंगणात पालथी घातली. हे सगळं हिनं मला एकदाच सांगितलं, परत कधी नाही.

पुढं सीमेवर जेव्हा जेव्हा पेटलं, तेव्हा तेव्हा हिनं माझी कढई पालथी घातली. धंद्याची कढई! मी ओरडायचो, "अगं, आपलं कोण मेलंय?"

"कुणाचं तरी मेलंच असंल. अलीकडं नाहीतर पलीकडं. तुम्ही चहा विका."

मग मी चहा विकायचो. एकदा पेपर काखेत मारून एक नेहमीचे साहेब आले. म्हणाले, "आज पार लाहोरपर्यंत धडक मारायला हवी, आणि तुमची भजी बंद?"

ही म्हणाली, "तुम्ही पुढं व्हा साहेब. परत आलात की गरम देते."

साहेब चहा न घेताच गेले.

लढाई थांबली की ही स्वतः कढई सरळ करायची. भज्यांचा तो पहिला घाणा विकायचा नाही, बोळात वाटायचा, हा तिचा नेम. पोरगा फौजेत गेला तेव्हा तिनं अडवलं नाही. औक्षण केलं, टोपी नीट केली आणि आत जाऊन बसली.

यंदा पुन्हा पेटलं. पोरगा तिकडंच होता. ही अंथरुणाला खिळलेली. तिथूनच विचारलं, "पालथी घातलीत ना?" घातली म्हटलं. त्याच आठवड्यात गेली. पोराची सुट्टी रद्द झाली होती. फोनवर म्हणाला, "आबा, सोडत नाहीत. तुम्हीच करा." त्यानं द्यायचा अग्नी मी दिला. एक गेली होती. दुसरा परत येतो की नाही, एवढंच उरलं होतं.

सुतकातच एका संध्याकाळी बोळात सगळ्यांचे मोबाईल वाजायला लागले. गोळीबार थांबला. दोन्ही सरकारं कबूल झाली. त्यांना कोणी भित्री म्हणो, मी शहाणी म्हणतो. पण बोळाच्या तोंडाशी पारावर बसलेला एक तरणा चिडला. "थांबवलं कशाला? एकदाचं संपवून टाकायचं होतं!"

मी दारातून म्हणालो, "माझा पोरगा तिथं आहे. संपवायचं म्हणजे कुणाला, ते नीट सांग."

"काका, तसं नव्हतं म्हणायचं."

"मग कसं होतं?"

मी उठलो, गाडीवरची कढई सरळ केली, तेल ओतलं. माझी थोरली बहीण आतून धावत आली.

"अरे, डोकं फिरलं का तुझं? बायकोचं सुतक हाय! लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. ती असती तर आज कढई सरळ केली असती. आता ती नाही, तर मी करतो."

ताईनं पदर तोंडाला लावला. मग कांदा चिरायला बसली.

पहिला घाणा सोडला आणि फोन वाजला. पोरगाच होता.

"आबा, दहाव्याला पोचतो." मग विचारलं, "हा आवाज कसला येतोय?"

"तेलाचा."

मग म्हणाला, "सरळ केलीत?"

"केली."

तो तिकडं रडत होता. मी फोन खांद्यानं कानाशी धरला आणि झारा चालवत राहिलो. भजी जळली असती. मग तो पहिला घाणा कागदावर काढला आणि आधी त्या पारावरच्या तरण्याच्या हातात दिला.