चाळणीच्या जाळीचं कपाट

तिसगावातून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की एक पत्र्याची शेड दिसते. दारातच जुनी जाळीची कपाटं, भांड्यांच्या मांडण्या, कड्या लावलेले पेटारे दाटीवाटीनं उभे असतात. ही रतनबाईची शेड. पुण्याकडची माणसं गाडी थांबवून आत येतात, पोपडे सुटलेल्या हिरव्या रंगावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "मावशी, हे असंच राहू द्या. पॉलिश नको." कोणाला नव्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात ठेवायचं असतं, कोणाला हॉटेलात. रतनबाईला त्याचं आता नवल वाटत नाही. तिच्या लहानपणी असली कपाटं मोडली की चुलीत जायची.

हा धंदा सुरू झाला तो तिचा नवरा रामहरी असताना. त्याचा टेम्पो होता, नगरच्या मार्केटला कांदा न्यायचा. परतीच्या फेरीत कोणाचं जुनं लाकूड मिळालं तर आणायचा. रामहरी गेला, टेम्पो राहिला. मग रतनबाईनं पुतण्याला, हनुमंताला, गाडीवर बसवलं आणि स्वतः गावोगाव हिंडू लागली. पुरुष व्यापाऱ्याला लोक ओसरीवर बसवून चहा पाजतात. रतनबाई बाईमाणूस, तिला चुलीपर्यंत वाट मोकळी. घरात नवा फ्रिज आलेला असतो, मागच्या खोलीत कपाटावर कोंबडी बसलेली असते. घरच्या बाईला ते नकोही असतं आणि जाताना बघवतही नाही. रतनबाई तिच्यासमोरच कपाट रिकामं करते, आतली एकेक बरणी तिच्या हातात देते, मगच दोर आवळते.

हनुमंताला काकूची एकच गोष्ट कळायची नाही. कुठलंही कपाट उघडण्याआधी ती दारावर बोटाच्या पेरानं हळूच वाजवायची आणि क्षणभर थांबायची. जणू आतून कोणी 'ओ' देणार आहे. एकदा त्यानं विचारलं, "काकू, आत उंदीर असतोय म्हणून वाजवता व्हय?"

"व्हय," ती म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली.

आत उंदीर नसायचा. आत तिची आई असायची.

बहात्तरच्या दुष्काळात रतन सात-आठ वर्षांची होती. माहेरचं गाव करंजीच्या घाटाखालचं. आई-बाप दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. घरात बघण्यासारखी एकच वस्तू, आईला लग्नात आलेलं लाकडी जाळीचं कपाट. त्याच्या चारी पायांखाली मुंग्या चढू नयेत म्हणून पाण्याच्या वाट्या. दाराच्या एका चौकोनातली जाळी फाटली तेव्हा आईनं पिठाची जुनी चाळण उचकटून तिथं ठोकली होती. त्या वर्षी पाण्याच्या वाट्या कोरड्याच होत्या आणि कपाटात ठेवण्यासारखंही काही नव्हतं, तरी आई ते रोज पुसायची.

त्या दुपारी आई कामावरून लवकर आली. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागली आणि मधेच उठली. कपाटाच्या खालच्या कप्प्यापुढं गुडघ्यावर बसून तिनं आत डोकं घातलं, काहीतरी शोधू लागली. रतनला एवढंच दिसत होतं: आईची पाठ, पिठानं भरलेले हात, जमिनीवर लोळणारा पदर. तेवढ्यात वाटेवरून नंदीबैलवाल्याचं गुबुगुबू ऐकू आलं आणि पोर बाहेर पळाली.

परत आली तेव्हा परात तशीच होती. कपाटाचं दार लावलेलं, कडीवर ओल्या पिठाची बोटं. आई नव्हती.

रतनला वाटलं, आई आत लपलीय. ती कपाटापुढं बसून राहिली. मध्येच दारावर वाजवायची, "आई, बघितलं मी तुला," म्हणायची. परातीतल्या पिठावर कोरडी खपली धरली. दिवस कलला तेव्हा बाप आला. श्रीमंत त्याचं नाव, अंगावर धड सदरा नव्हता. त्यानं परात पाहिली, पोरीला पाहिलं, कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात आईचं लुगड्याचं गाठोडं असायचं. ते नव्हतं.

गाव म्हणालं, विहिरी बघा. विहिरींना पाणीच नव्हतं, बुडणार कुठं. मग गाव दुसरंच काही बोलायला लागलं, पोर आली की गप्प होणारं. श्रीमंत कोणालाच काही बोलला नाही. आठवडाभरात नेवाशाकडून एक गाडीवान कडबा विकायला आला. रिकामी गाडी परत नेण्यापेक्षा बरं म्हणून त्यानं कपाट घेतलं. शेजारणीनं श्रीमंतला म्हटलं, "आरं, पोरीच्या लग्नाला व्हईल, राहू दे." तेव्हा तो एवढंच म्हणाला, "त्या कपाटाकडं बघून मला भाकर गिळत न्हाई."

बैलगाडी निघाली तशी रतन मागं धावली. आई आत आहे आणि हे लोक तिला घेऊन चाललेत, एवढंच तिला कळत होतं. गाडी हलली की कपाटात काहीतरी किणकिणायचं. कोयंड्याला कडी लागत असेल. तिला ते आईच्या काकणांसारखं ऐकू यायचं. नदीच्या कोरड्या पात्रापर्यंत ती धावली. बापानं तिला तिथून उचलून आणलं.

श्रीमंत म्हातारा होऊन मेला. त्यानं दुसरं लग्न केलं नाही आणि बायकोचं नाव काढलं नाही. रतन मोठी झाली, तिसगावला दिली गेली, तिला मुली झाल्या, त्या आपापल्या घरी गेल्या. माणूस कपाटात जात नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण भरल्या घरात, हसत्याखेळत्या दुपारीसुद्धा कुठूनतरी कोयंड्याची किणकिण यायची आणि हातातला घास हातात राहायचा. शेडमधली कपाटं संध्याकाळी गार व्हायला लागली की लाकूड तडतडतं. साऱ्या व्यापाऱ्यांना हे ठाऊक असतं. रतनबाई मात्र दिवेलागणीला शेडमध्ये एकटी थांबायची नाही.

गेल्या वर्षी हिवाळ्यात नेवाशाच्या अलीकडच्या एका गावातून निरोप आला. हौसाबाई नावाच्या बाईंचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं, जुनं सामान काढायचं होतं. रतनबाई नेहमीसारखी चुलीपर्यंत गेली. धुरानं काळ्या झालेल्या कोपऱ्यात कपाट उभं होतं. तिनं वाजवायला बोट उचललं आणि ते तसंच राहिलं. दाराच्या एका चौकोनात बारीक जाळी होती. एका बाजूला चाळणीची गोल कड तशीच ठोकलेली.

ती तिथंच कपाटापुढं खाली बसली.

"काय झालं? चक्कर आली का?" हौसाबाईंनी पाणी आणलं.

"न्हाई. उन्हाचं आले ना." रतनबाई पाणी प्यायली. मग तिनं चाळणीच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि दार न वाजवताच उघडलं. आत दुधाचं पातेलं, वाटीत विरजण, खालच्या कप्प्यात कांदे. जुन्या तुपाचा वास. बाकी काही नाही. इतकी वर्षं जे तिथं होतं असं ती धरून चालली होती, ते नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, आलं नाही.

कांदे काढता काढता हौसाबाई तिच्याकडं टक लावून बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एक सांगू का? तुमी आत्ता त्या चाळनीवर बोट फिरवलं ना, आक्षी तशीच एक बाई बसली हुती हितं. मी नवी नवरी हुते तवा."

"कोन बाई?"

"ऊसतोडीच्या टोळीतली. ताक मागायला आल्ती. दारातनं कपाट दिसलं आन् सरळ आतच आली. सासूबाई वरडल्या, तरी हालंना. मग म्हनाली, हे कुनाकडनं घेतलं? मामंजी जेवत हुते, त्यांनीच सांगितलं, घाटाखालनं आणलं, दुष्काळात. तर तिनं इचारलं..." हौसाबाईंनी हातातले कांदे खाली ठेवले.

"काय इचारलं?"

"त्या मानसाची पोर हुती का, म्हनं. मामंजी म्हनले, हुती की. गाडीमागं पळत आली नदीपातुर. आई आई करून वरडत हुती, आमाला काय कळंना कपाटाला आई का म्हनती. ह्येवढं ऐकलं आन् ती बाई उठली. ताक तसंच ठिवून गेली. सासूबाईंना वाईट वाटलं, सकाळी मला तांब्या दिऊन त्यांच्या झोपड्यांवर, कोप्यांवर धाडलं. तर टोळीतली म्हनली, ती रातीच गेली. कुठं, कुनाला म्हाईत न्हाई."

बाहेर हनुमंत टेम्पोचा मागचा फाळका पाडत होता, त्याचा आवाज आला.

"संगं कोन हुतं तिच्या?" रतनबाईनं विचारलं.

"एक पोरगं हुतं कडंवर."

कपाट टेम्पोत चढलं. वाटेत रतनबाई मागच्या काचेतून कपाटाकडं बघत राहिली. शेवगाव मागं पडल्यावर हनुमंतानं विचारलं, "काकू, सौद्यात काही बिनसलं का?" तेव्हा ती म्हणाली, "घर म्हाईत हुतं तिला. वाट म्हाईत हुती. उसातनं दोन दिवसांची वाट." हनुमंताला काही कळलं नाही आणि तिनं सांगितलंही नाही. आई मेली असं समजून ती जगली होती. ते जड होतं, पण त्याची सवय झाली होती. आई जिवंत होती, कडेवर दुसरं मूल घेऊन हिंडत होती, लेकीची खबर विचारत होती आणि खबर कळल्यावर लेकीकडं न येता अंधारात निघून गेली होती. ह्याची सवय कशी करायची ते तिला सुचेना.

कपाट तिनं शेडमध्ये ठेवलंच नाही. घरात आणलं, पायांखाली वाट्या ठेवल्या, पाणी घातलं. शौनक नावाचा पुण्याचा एक जण तिच्याकडून नेहमी माल नेतो. त्यानं खिडकीतून ते पाहिलं आणि चाळणीच्या जाळीवर खूश झाला. "मावशी, असा रस्टिक पीस मी कुठं पाहिला नाही."

"त्ये दिलंय," ती म्हणाली.

"कोणाला?"

"त्यांची मानसं यायचीत न्यायला."

आता ऊसतोड सुरू झाली की रतनबाईच्या फेऱ्या नेवाशाकडं वाढतात. रस्त्याकडेला तोडकऱ्यांच्या, उसाच्या पाचटाच्या कोप्या दिसल्या की ती टेम्पो थांबवायला लावते. जुनं कपाट, पेटारा काही विकायचाय का, असं विचारत कोपी कोपी हिंडते. हनुमंताला लाज वाटते; कोपीत राहणाऱ्यांकडं कसलं कपाट असणार. कर्ती माणसं उसाच्या फडात तोडणीला गेलेली असतात. कोप्यांपाशी म्हाताऱ्या आणि तान्ही पोरं.

परवा अशाच एका कोपीपुढं एक म्हातारी नातवाला झोळीत हलवत होती. रतनबाईनं विचारलं तशी ती बोळकं उघडून हसली.

"आमच्याकडं कपाट? आमचं घरच गाडीवर हाय, बाई. कुठलं गाव तुमचं?"

"तिसगाव. तुमचं?"

"बीडकडचं. तुमी कुनाला हुडकायला आल्यात का?"

"न्हाई," रतनबाई म्हणाली. तिनं म्हातारीच्या हाताकडं पाहिलं, कपाळाकडं, कानाच्या पाळीकडं. ओळखीचं काही होतं की नाही हे तिला सांगता येईना; आईचा चेहराच तिला आठवत नव्हता, आठवायची ती पाठ. म्हातारीनं सरकून जागा केली. रतनबाई बसली. हनुमंतानं दोनदा हॉर्न वाजवला, मग तोही खाली उतरून लिंबाखाली जाऊन बसला. उसाच्या फडातून माणसं परतू लागली तरी त्या दोघी झोळीला आळीपाळीनं झोका देत होत्या.