कुंकवाने बंद पडलेलं मशीन

भावजयीचा फोन आला तेव्हा मी आधणात तांदूळ वैरत होते. तिने सांगितलं, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतोय, आईंचं शिवणाचं मशीन माळ्यावर आहे, नव्या घरात त्याला जागा नाही. न्यायचं असेल तर परवाच्या आत न्या, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. तब्येत कशी आहे हेसुद्धा तिने विचारलं नाही.

ते मशीन हाताने फिरवायचं आहे. वर लाकडी झाकण, झाकणाला मूठ, म्हणजे उचलून कुठेही नेता यावं असं. मूळ माझ्या आजीचं. आजीकडून आईला आलं, आणि आईनंतर ते मला द्यायचं असं आईने चार बायकांसमोर सांगितलं होतं. आईचं तेरावं झाल्यावर मी विचारलं, तर हीच भावजय म्हणाली होती, "वन्स, घरातली लक्ष्मी अशी बाहेर देत नाय कोणी." भाऊ शेजारी उभा होता. तो छताकडे बघत राहिला. ते छतही बघण्यासारखं नव्हतं, कौलं गळत होती.

वीस वर्षं ती लक्ष्मी होती. स्लॅब पडायची वेळ आली तशी भंगार झाली.

मी दुसऱ्याच दिवशी शिरगावला गेले. भावजयीने चहा विचारला, मी नको म्हटलं. ते मशीन अंगाने फार जड. शिरगावहून पालघरपर्यंत एसटीत मांडीशी धरून बसले. कंडक्टर म्हणाला, आजी, लगेजचं तिकीट लागेल. मी म्हटलं, लाव. पालघरला उतरले तशी समोरच मशीन दुरुस्तीचं दुकान दिसलं, म्हणून आत शिरले. दुकानदाराने झाकण काढलं, पण मशीनला हात लावला नाही. म्हणाला, हे आता चालायचं नाही, पण मला विका. अशा मशीनना सोनेरी रंग मारून हॉटेलवाले काचेमागे शोभेला ठेवतात.

"तुझ्या आजीला ठेव काचेमागे," मी म्हटलं आणि झाकण लावलं.

बोईसरला घरी आणून खिडकीपाशी ठेवलं आणि चाक फिरवून पाहिलं. हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तरी नाही. गंज असेल असं वाटलं, समुद्राकाठच्या घरात लोखंडाला गंज चढतोच. चष्मा लावून जवळून बघितलं तेव्हा कळलं. मशीनच्या पाठीवर तेल घालायची पाच भोकं असतात. त्या भोकांतून तेलाचा थेंब आत गेला की सगळे भाग मोकळे राहतात. ती पाचही भोकं कुंकवाने बुजली होती. हळद, कुंकू, अक्षता, सगळं थरावर थर बसून दगड झालेलं. त्याखाली काळपट, चिकट काहीतरी, लाखेसारखं.

मी भावजयीला फोन लावला. ती अजिबात ओशाळली नाही. उलट अभिमानाने सांगत होती की दर दसऱ्याला मशीन खाली काढून, पुसून ती त्याची पूजा करायची. पाच भोकं म्हणजे पाच बोटं, ती जागा कुंकवासाठीच केलेली असणार असं तिला वाटायचं. पूजा झाल्यावर समईत उरलेलं खोबरेल टाकून कसं द्यायचं, देवाचं तेल ते, म्हणून तेही तिथेच ओतायची. आपल्याच वाडीतल्या नारळांचं, घरचं, शुद्ध.

मशीनला खोबरेल चालत नाही. थंडीत थिजतं आणि पुढे त्याचा डिंक होतो. हे माझ्या आईला माहीत होतं, मला वयाच्या सातव्या वर्षी माहीत होतं. वीस वर्षं घरात मशीन ठेवून तिला कोणाला विचारावंसं वाटलं नाही. शिवायचं नव्हतंच ना. नुसतं पुजायचं होतं.

एका लोखंडासाठी एवढा राग कशाला, असं माझी लेक मला म्हणाली. तिला मी जे सांगितलं ते इथेही सांगते.

हाताच्या मशीनला एक खोट असते. उजवा हात चाक फिरवण्यात अडकतो, कापडाला उरतो फक्त डावा. दुसऱ्या कोणी चाक फिरवलं तर शिवणारीचे दोन्ही हात मोकळे होतात आणि काम दुपटीने होतं. माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा आई गावातल्या बायकांची पोलकी, परकर, झंपर शिवायला लागली. तो दुसरा हात मी होते. आधी शाळा सुटल्यावर. मग लग्नसराईत शाळा बुडवून आठ दिवस. चौथी पास झाले आणि पाचवीला मी गेलेच नाही. वर्गात माझा दुसरा नंबर होता. मास्तर दोनदा घरी येऊन गेले. आईने त्यांना पाणी दिलं आणि कात्री चालवत राहिली. मी चाकावर हात ठेवून मशीनशेजारी उभी होते आणि ऐकत होते. माझा भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो पुढे पालघरला हायस्कुलात गेला, तारापूरला कंपनीत लागला, तिथूनच रिटायर झाला.

सगळा गाव म्हणतो, तुमच्या आईने शिवण करून घर वर काढलं. काढलं, खोटं नाही. पण त्या शिवणीतला एक हात माझा होता आणि त्याचं नाव कोणी घेत नाही. म्हणून ते मशीन मला हवं होतं. प्रेमाबिमाने नाही. माझी शाळा त्यात गेली होती, बदल्यात निदान लोखंड तरी माझं असावं.

बोईसर स्टेशनच्या मागे एक माणूस कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतली मशीनं दुरुस्त करतो. उत्तरेकडचा आहे, एका खोलीत राहतो, त्याच खोलीत दुकान. त्याने बॅटरी लावून भोकांत बघितलं.

"माताजी," तो मग म्हणाला, "इसकी पूजा बहुत हुई है. तेल नहीं हुआ."

मला हसू आलं आणि राग दुप्पट झाला. तो म्हणाला, ठेवून जा, सवडीने करतो. मी म्हटलं, तू फक्त सांग, मी करते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हातात होतं, आता नाही. त्याने समजावून सांगितलं. रॉकेल, बारीक ब्रश, लाकडाची काडी. लोखंडाने खरवडायचं नाही. जोर लावायचा नाही, जोर लावला की दांडा वाकतो. रोज रॉकेल सोडायचं, रोज पुसायचं, वाट बघायची. रॉकेल आता मिळतं कुठे, तेही त्यानेच बाटलीभर दिलं.

वाट बघणं मला जमत नाही. तरी तीन आठवडे मी तेच केलं. सकाळची कामं उरकली की वर्तमानपत्र पसरून बसायची. भोकांतून आधी तांदळाचे दाणे निघाले, मग लाल-पिवळा चिखल, मग तो डिंक. प्रत्येक दाण्याला मी भावजयीला एक शिवी दिली. शिव्या संपल्या, दाणे संपेनात. खालची बाजू उघडली तर तिथे झुरळांची अंडी. सुईच्या दांड्याला तर कोणीतरी नाडा बांधून ठेवला होता, लाल, पूजेचा. तो कापला. एका सकाळी चाक बोटभर हललं. मी जोर लावणार होते, पण लावला नाही. दुसऱ्या दिवशी वीतभर. चौथ्या दिवशी पूर्ण फिरलं, किरकिर करत.

मग ते घेऊन परत त्या माणसाकडे गेले. दोऱ्याचा ताण धरणारी स्प्रिंग त्याने बदलली. आतलं खालच्या दोऱ्याचं शटल झिजलं होतं, तसलं जुनं मिळायला त्याला पंधरा दिवस लागले. बसवून त्याने कापडाचा तुकडा खाली घातला, मला म्हणाला, चलाइये. टाका पडला. एकसारखा, बारीक. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बहुतेक मी रडेन असं त्याला वाटलं. मी म्हटलं, खालचा दोरा सैल आहे, घट्ट कर.

तेव्हापासून मी शिवते. साडीला फॉल, पडदे, उशांचे अभ्रे. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका देतात. ही गोष्ट शिरगावला पोचायला वेळ लागला नाही.

तोवर त्यांचं नवं घर उभं राहिलं होतं. दसऱ्याच्या आधी आठ दिवस भाऊ आला. पाय पुसून आत आला, खुर्चीवर बसला, पाणी प्यायला. मशीन खिडकीपाशी चालू स्थितीत होतं, त्याखाली पडद्याचं कापड होतं. त्याने दोनदा तिकडे बघितलं. मग सांगितलं की मुलाचं कंपनीतलं कंत्राट संपलंय, नवीन घराच्या जिन्यावरून सूनबाई घसरली, आणि त्याची बायको म्हणते, मशीन बाहेर गेल्यापासून हे सुरू झालं. लक्ष्मी गेली. तेव्हा मशीन परत नेतो. नव्या घरात देवघराशेजारी कोनाडा केलाय.

मी विचारलं, भंगारवाल्याला दिलं असतंस तर लक्ष्मी कुठे शोधली असतीस?

तो म्हणाला, तेव्हा डोकं चाललं नाही.

"मी हे देनार नाय," मी म्हटलं. "चौथीतून शाळा सोडून मी चाक फिरवलंय याचं. माझं हाय हे."

त्याला खरंच काही कळलं नव्हतं, ते तोंडावर दिसत होतं. मग तो म्हणाला, "बाय, पन तुला शाळा आवडत नव्हती ना? आय सांगायची."

"काय सांगायची?"

"म्हणायची, तुझ्या बहिनीचा शाळेत जीव लागला नाय. मीच तिला किती समजावलं, पन ती हट्टी. तू तरी शिक."

मी त्याला मास्तरांचं सांगितलं. दोनदा आले होते, दुसऱ्या वेळी पुस्तकंही घेऊन आले होते, ती परत पाठवली. तो म्हणाला, मला हे कोणीच सांगितलं नाही. मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. तो म्हणाला, कसं विचारणार, मला वाटायचं तुलाच नको होती. साठ वर्षं मी त्याच्यावर राग धरून होते की सगळं माहीत असून हा गप्प बसला. आणि याला माहीतच नव्हतं. आईने माझी शाळा घेतली ती घेतली, वर ती सोडल्याचा दोषही माझ्याच माथी मारला.

उठताना त्याने विचारलं, "घरी काय सांगू?"

"सांग, बाय देत नाय."

त्याने मान हलवली. मशीनकडे पुन्हा न बघता गेला. मला वाटलं होतं की तो माफी मागेल. मागितली असती तरी तिचं मी काय करणार होते? ती त्याने मागायचीच नव्हती. जिने मागायची ती वीस वर्षांपूर्वी गेली, आणि गेली ती सगळ्या गावाच्या तोंडी थोर होऊन.

पडदे त्याच संध्याकाळी द्यायचे होते. मी शिवायला बसले आणि आईशी भांडायला लागले, मोठ्याने. मास्तर दोनदा आले होते ते त्याला का नाही सांगितलंस ते सांग. मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं का? चाक फिरवलंच असतं मी, घर चालायला हवं होतं, मला काय कळत नव्हतं? पण हट्टी म्हणालीस. माझं नाव घालून खोटं बोललीस. एक पडदा झाला, दुसरा झाला, मी बोलतेच आहे. दार उघडं होतं. शेजारीण पडदे न्यायला आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"आईची आठवण येतेय का मावशी?" तिने विचारलं. आवाज एकदम मऊ केला होता तिने.

"भांडतेय तिच्याशी," मी म्हटलं. "एक पडदा राहिलाय. बस, ऐकायचं तर ऐक."

ती बसली.