नाव न विचारलेला माणूस

माणिकपूरच्या आमच्या घरात एक रीत होती. दारात आलेल्याला आधी पाणी द्यायचं, नाव-गाव मागाहून. "तानलेल्याला पानी देताना कोन, कुठला विचारू नये," आई म्हणायची. त्या रीतीनेच आमचा घात केला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबा म्हशीसाठी पेंढा ठरवायला कामणला गेले होते. तिथल्या गोदामांपाशी ते छाती धरून खाली बसले. एका टेम्पोवाल्याने त्यांना गाडीत घेतलं. दवाखान्यात नको, घरीच ने, असा बाबांनी हट्ट धरला. भर दुपारी तो त्यांना आधार देत आमच्या दारात आला. आईने बाबांना खाटेवर निजवलं आणि रीतीप्रमाणे त्याला पाणी दिलं. डॉक्टर येईपर्यंत बाबा गेले. त्या गडबडीत तोही निघून गेला, नाव विचारायचं राहूनच गेलं.

आई रडली नाही. एकच घोकत राहिली. वाटेत ते काहीतरी बोलले असतील, माझ्यासाठी निरोप असेल, तो त्या माणसापाशीच राहिला.

मी तेव्हा चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण शिकवायचो. बायबलच्या जुन्या करारात एका म्हाताऱ्याच्या तंबूपाशी तीन अनोळखी माणसं येतात. तो धावत जाऊन त्यांना जेवू घालतो, कोण ते विचारत नाही. ते नक्की कोण होते, असं मी फादरना विचारलं. फादर म्हणाले, "एकमत नाही. कुणी म्हणतं देवदूत, कुणी म्हणतं त्यांतला एक स्वतः देवच. दुसऱ्या एका ठिकाणी तर दूत बोलता बोलता स्वतः देवच असल्यासारखा 'मी' म्हणतो. आणखी एका ठिकाणी नाव विचारलं तर सांगत नाही."

घरी हे सांगितलं, तर आईने ठरवूनच टाकलं. "तो देवदूतच होता."

"देवदूताला टेम्पो कशाला लागतो?" मी फाडकन बोललो. बोलल्याबरोबर स्वतःचीच लाज वाटली.

मग सुट्टीच्या दिवशी मी कामणची गोदामं पालथी घालू लागलो. महिन्याभराने तो सापडला. टेम्पोखाली आडवा होता, हात ऑइलने काळे. छाती धरून बसलेल्या माणसाचं विचारताच बाहेर आला, आणि त्याला सगळं आठवत होतं.

घरी येऊन आईसमोर बसलो. "सापडला. त्याचं नाव..."

"नाव नको. ते काय म्हनाले, तेवढं सांग."

काहीतरी गोड रचून सांगावं असं फार वाटलं. जमलं नाही.

"निरोप काही नव्हता, आई. सारखे एवढंच विचारत होते, घर आलं का?"

"आनि तो काय म्हनाला?"

"आलंच म्हणाला. दर वेळी."

आईने तोंडाला पदर लावला आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच मोठ्याने रडली.