साच्यावरून शिकलेली सही

नव्या बारदान्याचा वास आला की मला तुमसरची राईस मिल आठवते. तिथे माय तांदळाच्या पोत्यांवर पत्र्याचा साचा ठेवून निळ्या शाईनं नावं छापायची. शाळेत ती कधी गेली नव्हती. अक्षरं ओळखायला, गिरवायला त्या साच्यांवरूनच शिकली. मी चौथीत असताना निकालपत्रावर तिनं पहिल्यांदा अंगठ्याऐवजी सही केली. अक्षरं जाड, ठसठशीत, पण मधला पत्रा गळून पडू नये म्हणून साच्यात पत्र्याची बारीक पट्टी सोडतात, तिच्या जागी छापात राहते तशी प्रत्येकात एक फट. आमच्या बाई हसून म्हणाल्या, “अक्षरं तुटून राहिली ना तुमची.” मला इतकी लाज वाटली की मी तिथंच पेनानं त्या फटी भरून टाकल्या. घरी जाताना मायनं हळूच विचारलं, “मले वाटलं, अक्षर असंच रायते. आतं बरोबर झालं का वं?” मी तिचा हात घट्ट धरला. आता मी मोठ्या शीर्षकांसाठी नक्षीदार अक्षरं घडवते. माझ्या पहिल्या टाइपात, म्हणजे छपाईच्या अक्षरसंचात, त्या फटी मी मुद्दाम ठेवल्या. त्याचा छापील नमुना हाती दिला, तेव्हा मायनं त्या फटींवरून बोट फिरवत तो सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला.