धडधडीची तयारी

अख्ख्या भिवंडीत माझ्या आतेभावाइतका मुलाखतींना गेलेला, आणि तितक्याच इमानाने हात हलवत परत आलेला माणूस दुसरा नसेल. लग्नात बायका गातात त्या धवल्यांवर त्याने डॉक्टरेट मिळवली, याचं आत्याला कौतुक कमी आणि नवल जास्त. "गानी तं आमी पन गातो. आमाला कोनी पगार दिलाय?" असं ती येईल त्याला विचारायची. परगावच्या विद्यापीठातून संशोधकाच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा तिने निर्वाणीचं सांगितलं, "आता नाय जमला, तं गपचूप वडप्याच्या गोदामान सुपरवायझर व्हायचा."

भिवंडीतल्या नारपोलीला घरामागेच त्यांचे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग. त्या धडधडाटात, वर टाय आणि खाली लुंगी अशा थाटात, तो तयारी करायचा. प्रश्न विचारायला समोर मी. माझा प्रश्न मलाच ऐकू यायचा नाही, पण हा बेंबीच्या देठापासून उत्तर द्यायचा. आत्या चहा घेऊन आली की तिलाही "थँक यू, मॅडम!" घरात बसून शांतपणे अभ्यास कर म्हटलं तर म्हणे, "शांततेत डोकंच चालत नाय रे माझं." थाप वाटायची. पण लाइट जाऊन लूम थांबले की गडी वाक्याच्या मध्येच अडकायचा, आणि लाइट आली की तिथूनच पुढे सुरू.

मुलाखतीला सोबत मीच गेलो. दाराबाहेरच्या बाकावर कान टवकारून बसलो. "हाच विषय का निवडलात?" असा प्रश्न आला आणि पाठोपाठ आत चिडीचूप. गेला गोदामात, मी मनात म्हटलं. तेवढ्यात खटाखट, खटाखट! दारातून डोकावलो, तर पठ्ठ्या दोन्ही हातांनी साहेबांचं टेबल बडवत होता, आणि त्या तालावर नारपोलीच्या आवाजात उत्तर सुटलं होतं. शेवटी त्याने एक अख्खा धवलाही म्हटला. शिपाई पाण्याचा तांब्या घेऊन धावला.

नोकरी लागली. तो तिकडेच राहिला. आत्याने हळूहळू लूम भंगारात काढले, एक मात्र ठेवला. कुठे भाषण असलं की आदल्या दिवशी त्याचा फोन येतो, "जरा लूमजवळ धर ना." मी मोबाइल लूमपाशी धरतो. आत्या तोंड जवळ नेऊन ओरडते, "जेवलास का रं?" तिकडून तो काहीतरी सांगतो. त्या धडधडाटात आम्हाला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आत्या तरी बराच वेळ मान डोलावत उभी राहते.